पाऊण लिटर तेल

खुशालरावांना एक जुनी खोड होती. कोणतीही वस्तू वरून कशी दिसते यात त्यांना काडीचा रस नसे. ती खालून कशी आहे हे बघितल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. बाळापूरजवळच्या गावी, आठ वर्षांचे असताना, ते उभ्या बंडीखाली शिरून तिचा आख बघत बसले होते आणि बैल जुंपणाऱ्या काकाला याचा पत्ताच नव्हता. त्यात डाव्या पायाच्या करंगळीचं नख गेलं. खोड मात्र गेली नाही.

पुढे लग्न झालं. अचलपूरहून परत निघालेली लग्नाची एसटी दर्यापूरच्या अलीकडे बंद पडली. ड्रायव्हर खाली शिरला आणि त्याच्या मागोमाग नवरदेवही शिरले, अंगावरच्या नव्याकोऱ्या सफारीसकट. आत पन्नास पाहुण्यांच्या गर्दीत बसलेल्या नव्या नवरीनं, म्हणजे शकुनबाईंनी, खिडकीतून वाकून पाहिलं तर त्यांना फक्त बुटांचे दोन तळ दिसले. नवऱ्याला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते असं, हे त्या अजूनही सांगतात, आणि सांगताना हसत नाहीत.

अशा माणसाला भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापकाची नोकरी मिळाली, हे सरकारकडून चुकून झालेलं एक चांगलं काम म्हणायचं. चौतीस वर्षं खुशालरावांनी अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतली काळी जमीन मोजली. दोन भाऊ धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, एकमेकांच्या जिवावर उठलेले असत, मध्ये हे टेप आणि झेंडी घेऊन उभे. जमीन खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, असं ते दोघांनाही ऐकवत आणि हद्दीचा दगड जिथं निघायचा तिथंच काढून देत. चहासुद्धा त्या घरचा घेत नसत. एवढा सरळ माणूस निवृत्त झाल्यावर काय करील? भजनी मंडळात जाईल, नाहीतर कॉलनीचा अध्यक्ष होईल. खुशालरावांनी स्पोर्ट्स कार घेतली.

नवी नव्हे. अमरावतीच्या एका दंतवैद्यानं कधीकाळी हौसेनं आणलेली, वीस वर्षं जुनी, लाल रंगाची, जपानी बनावटीची. दोनच दरवाजे, दोनच सीटा. इंजिन पुढे नाही, सीटांच्या मागे. जमिनीपासून इतकी बसकी की अकोल्याच्या गोरक्षण रोडवर ती सिग्नलला थांबली की शेजारचा ऑटोवाला तिच्या टपावर हात टेकून पान खात असे. अमरावतीहून ती घेऊन येताना खुशालरावांनी गाडी साठच्या वर नेलीच नाही. घाबरून नव्हे. इतक्या खालून रस्त्याकडेच्या बाभळी केवढाल्या दिसतात हे त्यांना बघायचं होतं.

शकुनबाईंना त्या गाडीचं काहीच पटलं नाही. त्यांचं घर पाहुण्यारावळ्यांचं. चाळीस वर्षांत दोन माणसांचा स्वयंपाक असा त्यांनी कधी केला नव्हता. सासू-सासरे, दीर, नणंदा, शिकायला आलेली भाचरं, मग मुलगी दीपमाला, मग तिची मुलं. पंगत सहाच्या खाली कधी आली नाही. दोन सीटांच्या गाडीत पाहुणे कुठे बसवायचे, हा त्यांचा पहिला सवाल. दुसरा सवाल गुडघ्यांचा. त्या गाडीत बसायचं म्हणजे जमिनीवर बसण्यासारखं, आणि उठायचं कसं? वर्ष होत आलं तरी त्या एकदाही तिच्यात बसल्या नव्हत्या.

त्यात गाडीनं दोनदा दगा दिला. अकोल्यातल्या गॅरेजवाल्यांकडे तिला उचलायची सोय नाही, म्हणून दोन्ही वेळा ती ट्रकवर चढून नागपूरला गेली. दुसऱ्या वेळी ट्रक निघाला तेव्हा गल्लीतली पोरं टाळ्या वाजवत होती. त्या संध्याकाळी शकुनबाईंनी शांतपणे निकाल दिला. आता ऑइल बदलायची वेळ आली आहे, ते घरी करून दाखवा. जमलं आणि इंजिन ठीक निघालं तर गाडी राहू द्या. नाहीतर परतवाड्याचा पियुष नावाचा एक पोरगा तिच्यामागे लागला आहे, तो रविवारी येईल आणि घेऊन जाईल. खुशालरावांनी मान डोलावली. वाद कसा घालायचा हे त्यांना कधी जमलंच नव्हतं. दुसऱ्यांचे वाद मिटवण्यात आयुष्य गेलं होतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी बायकोपासून लपवून ठेवली होती. इंजिनातलं तेल बघायला एक पट्टी असते. ती बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा बुडवायची आणि तेल कुठल्या खुणेपर्यंत आलं ते पाहायचं. खुशालराव रोज सकाळी दात घासले की आधी ही पट्टी बघत. आणि गाडी अंगणात आली तेव्हापासून तेल रोज खालच्या खुणेच्याही खाली दिसत होतं. इंजिन आतल्या आत तेल जाळत असेल तर खेळ खलास, एवढं त्यांना पुस्तकातून कळलं होतं. शनिवारी जुनं तेल बाहेर काढलं की ते मोजता येणार होतं. पुस्तक म्हणत होतं चार लिटर.

शनिवारी सकाळी नऊला अंगणात मोजणी सुरू झाली. मोजणीच म्हणायची, कारण खुशालरावांनी गाडीच्या पोटाचं आधीच ग्राफपेपरवर टिपण काढून ठेवलं होतं, शेताचं काढतात तसं, प्रमाण एकास दहा. बोल्टांना गट नंबर दिले होते. शेजारचे धर्मपाल मदतीला आले. ते एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं मेकॅनिक होते आणि कॉलनीत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. टिपण पाहून त्यांनी फक्त चष्मा वर केला आणि सातबारा कुठी हाये म्हणून विचारलं.

गाडीखाली साधा जॅकही जात नव्हता. म्हणून खुशालरावांनी सेंट्रिंगच्या फळ्या आणवल्या, दोन-दोन एकावर एक ठेवून पायऱ्यांसारखी चढण केली आणि गाडी हळूहळू मागे घेत त्यांच्यावर चढवली. मग टेप काढला. चारी चाकं जमिनीपासून किती उंच आहेत ते मोजलं. चार इंच, चार इंच, चार इंच, चार इंच. सुताचाही फरक नाही. धर्मपालांनासुद्धा मान हलवावी लागली.

इंजिन पाच मिनिटं चालू ठेवलं, कारण कोमट तेल पातळ होतं आणि सगळं बाहेर येतं. मग बंद केलं, आणि खुशालराव चटईवर उताणे होऊन गाडीखाली सरकले. धर्मपाल सांगतात की त्यानंतर दहा मिनिटं आतून काहीच आवाज आला नाही. पाना मागितला नाही, की काही नाही. ते नुसते बघत होते. एका लोखंडी पट्टीवर जपानी अक्षरं ठोकलेली होती. बोटाएवढी एक नळी दोनदा वळसा घेऊन, निघाली होती तिथंच परत जात होती. ती कशासाठी, ते त्यांना कळेना आणि कळेना म्हणून फार बरं वाटलं. एका कोपऱ्यात काळी माती चिकटून वाळली होती आणि तिच्यात तुरीची एक काडी अडकलेली होती. ही कुठल्या शिवारातली, याचा विचार करत ते पडून राहिले. शेवटी धर्मपालांनी त्यांच्या बुटाला बूट लावला.

इंजिनाच्या तळाशी तेलाचं एक पसरट भांडं असतं. मेकॅनिक लोक त्याला चेंबर म्हणतात. त्याच्या मागच्या टोकाला, घराकडच्या बाजूला, खालून एक बोल्ट. सतरा नंबरचा पाना लावून खुशालरावांनी तो सैल केला, शेवटचे आटे बोटांनी फिरवले आणि हात झटकन बाजूला घेतला. घमेल्यात काळ्या तेलाची धार पडली. ती बारीक झाली, मग थेंब थेंब झाली, मग थांबली. घाई नको म्हणून अर्धा तास आणखी थांबले. मग बोल्ट लावून त्यांनी स्वयंपाकघरातलं शकुनबाईंचं दुधाचं लिटरचं माप न विचारता आणलं. एक. दोन. तीन. आणि चौथं माप जेमतेम पाव भरलं.

त्यांनी पुन्हा मोजलं. सव्वातीनच.

धर्मपालांनी तेलात बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, हुंगलं. त्यांचा चेहरा डॉक्टर लोकांचा होतो तसा झाला. "पेलं, खुशालभाऊ," ते म्हणाले. "पाऊण लिटर इंजिननं पेलं. पिस्टनच्या रिंगा गेल्या हिच्या." मग त्यांना वाईट वाटलं असावं, कारण जेवून येतो म्हणून ते लगेच उठले.

खुशालरावांनी नवं तेल ओतलंच नाही. डबा सील न तोडता बाजूला ठेवला. टिपणाचा कागद चार घड्या घालून खिशात टाकला, ओसरीच्या पायरीवर बसले आणि आत हाक मारून बायकोला सांगितलं की पियुषला कळव, घेऊन जा म्हणावं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पण कळशीभर पाणी घेऊन बाहेर आलेल्या शकुनबाईंना तो आवाज काही केल्या बरा वाटला नाही. वर्षभर ज्या दिवसाची वाट पाहिली तो हाच, आणि आपल्याला आनंद काहून नाही झाला, याचा त्यांनाच राग आला. रागाच्या भरात त्यांनी एकदाचं विचारून टाकलं.

"मले एक सांगा. घ्याची होती त दोनच सीटांची काहून घेतली?"

खुशालरावांनी हाताला लागलेलं तेल चिंधीनं पुसलं.

"तिसरं कोनी बसू नये म्हनून," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत आपन दोघंच असे कुठी गेलो, तूच सांग."

शकुनबाईंनी आठवून पाहिलं. देवदर्शनाला गेले तेव्हा सासूबाई आणि दोन नणंदा. नागपूरला दीपमालेच्या कॉलेजसाठी गेले तेव्हा दीपमाला. अगदी लग्नानंतर सासरी येताना सुद्धा पन्नास माणसं, आणि नवरा गाडीखाली. पायरीजवळ घमेल्यातून थोडं तेल सांडलं होतं. त्यावर त्यांनी मूठभर साबणाची पावडर टाकली आणि कळशी उपडी केली, जरा जोरातच.

पाणी निघालं. रोजच निघायचं. पंधरा वर्षं त्या सकाळी या अंगणात पाणी टाकत होत्या आणि ते पायरीपासून निघून गेटाकडच्या नालीत जाऊन पडत होतं, कुठं थांबत नव्हतं. आजही ते फेसासकट लाल गाडीखाली शिरलं, मागच्या फळ्यांना वळसा घालून पुढच्या फळ्यांकडे गेलं आणि गेटाखालून दिसेनासं झालं. शकुनबाई रिकामी कळशी हातात धरून ते बघत उभ्या राहिल्या.

"अवो," त्या म्हणाल्या, "हे पानी गेटाकडं पयते, मंग गाडीतलं तेल कोनीकडं पयालं अशीन?"

खुशालराव म्हणाले, तेल भांड्यात आहे, ते कुठे पळणार. शकुनबाईंना असल्या उत्तराचा मनस्वी कंटाळा.

"भांड्यातच त म्हनते मी. गंज तिरपा असला त सारा रस्सा एका अंगाले जाते. दुसऱ्या अंगाले ओगराळं बुडवलं त रिकामंच निंघन. म्हनून का रस्सा संपला?"

खुशालराव उठले. आत गेले, कपाटाच्या वरच्या खणातून सपाटी तपासायची पितळी पाणसळ काढून आणली आणि पायरीसमोर फरशीवर ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा सुळकन घराकडच्या, म्हणजे चढाच्या, टोकाला जाऊन चिकटला. त्यांनी ती उचलून पुसली आणि दुसऱ्या ठिकाणी ठेवली. बुडबुडा तिथंही घराकडेच गेला.

आता यात कोडं असं काही नव्हतं. घर बांधलं तेव्हा पाणी साचू नये म्हणून अंगणाला उतार खुशालरावांनीच धरला होता, अठरा फुटांत वीतभर. मिस्त्री नको नको म्हणत होता तरी स्वतः पाणसळ लावून, दोरी ताणून. येणाऱ्याजाणाऱ्याला वर्षभर दाखवलाही होता. आणि आज चारी चाकांची उंची त्यांनी त्याच जमिनीपासून मोजली आणि चारी सारखी आली म्हणून खूश झाले. गाडीचं तोंड गेटाकडे, शेपूट घराकडे. तेल सगळं पुढे जमलं होतं. बोल्ट मागे, आणि रोज सकाळी बघायची ती पट्टीही मागेच. दुसऱ्यांच्या धुऱ्यातला बोटभर फरक शोधणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दारात वीतभर उतार होता आणि त्याला तो दिसला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. खुशालराव अंगणात उकिडवे बसून हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, कारण आपण काय घालवायला निघालो होतो ते त्यांना आता कळलं.

"जमीन खोटी नाई बोलली," ते म्हणाले. "मीच तिले इचारलं नाई."

"जमिनीचं राहू द्या. आता काय कराचं ते सांगा," शकुनबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर खोचला.

गाडी फळ्यांवर असल्यामुळे आता तिच्याखाली जॅक जात होता. गेटाकडची चाकं एकेक करून उचलली आणि त्यांच्याखाली आणखी दोन-दोन फळ्या सरकवल्या. खुशालराव जॅक फिरवत, शकुनबाई फळी ढकलत. पाणसळ गाडीच्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवली आणि तिच्याकडे शकुनबाईंनी बघायचं असं ठरलं. अजून थोडं, अजून थोडं, बस, असं त्या सांगत गेल्या. बुडबुडा मधोमध येऊन थांबला तेव्हा त्यांना स्वतःलाच मोठी गंमत वाटली. तो तिथं कसा काय थांबतो, असं त्यांनी विचारलंसुद्धा. नवऱ्याच्या कामातली एखादी गोष्ट त्यांनी आपणहून विचारली, ती ही पहिलीच.

खुशालराव पुन्हा खाली सरकले. बोल्ट निघाला. एक क्षण काहीच पडलं नाही. मग धार लागली. बारीकच होती, पण तुटत नव्हती. शकुनबाई गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, वाकल्या. मग चटईच्या कडेला चक्क बसल्या आणि मान वाकडी करून त्यांनी आत पाहिलं. ती दोनदा वळसे घेणारी नळी त्यांच्याही नजरेला पडली. ही कशाची, त्यांनी विचारलं. नाई मालूम, खुशालराव म्हणाले. मग दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

दुधाचं माप पुन्हा आलं. पाऊण लिटरला चमचाभर कमी. चमचाभर तेल पंधरा वर्षांच्या फरशीनं प्यायलं असेल, असं शकुनबाईंचं मत पडलं, आणि माप आता दुधाला चालणार नाही, नवं आणा, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं.

नवा फिल्टर, बोल्टाला नवं तांब्याचं वायसर, आणि मोजून चार लिटर नवं तेल. ओतताना ते मधासारखं पिवळं दिसत होतं. सपाट उभ्या गाडीत पट्टी बुडवली तर तेल वरच्या खुणेला बरोबर टेकलेलं. आता इंजिन चालू करायचं, आणि बोल्टापाशी गळती आहे का ते खालून बघायचं. खाली बघणारे एकच, आणि धर्मपाल अजून जेवत होते. किल्ली कोणीतरी फिरवायला हवी होती. गाडी न्यूट्रलला आहे, ब्रेक ओढलेला आहे, दोन्ही बाजूंच्या चाकांना दगड लावले आहेत, तुला फक्त किल्ली फिरवायची आहे, असं खुशालरावांनी तीन-तीनदा समजावलं. शकुनबाई स्टिअरिंगमागे बसायला तयार होईनात. ती जागा तुमची, म्हणाल्या. दार धरून, गुडघे एकेक करून आत घेऊन, त्या डाव्या सीटमध्ये जाऊन बसल्या आणि हात लांब करून किल्ली फिरवली.

पाठीमागे, अगदी मानेशी, इंजिन जागं झालं. शकुनबाई दचकल्या. मग त्यांनी सीटला हळूच पाठ टेकवली आणि तो आवाज पाठीतून ऐकत बसल्या. काचेतून बाहेर त्यांना आपलंच गेट दिसत होतं.

बोल्ट कोरडा होता. इंजिन बंद करून फळ्या एकेक काढल्या आणि गाडी खाली घेतली, तरी शकुनबाई आतच होत्या. तेवढ्यात पियुषचा फोन आला, तो त्यांनी बसल्या जागीच घेतला. उद्या चहाला जरूर ये बाबू, पण गाडी विकायची नाही, एवढं सांगून ठेवून दिला. खुशालराव हात धुऊन आले आणि त्यांना बाहेर काढायला दाराशी उभे राहिले.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "उठाले इतका टाइम लागते त एक चक्करच मारून या मले घेऊन. बाळापूरपर्यंत."

खुशालराव वळसा घालून आपल्या बाजूनं आत बसले. गेट उघडलं होतंच, आणि त्या गेटातून धर्मपाल जेवून, बडीशेप चघळत येत होते. फळ्या गेलेल्या, पाणसळ पायरीवर, घमेल्यात आणखी तेल. तीस वर्षांच्या मेकॅनिकला सगळं समजायला वेळ लागला नाही. ते डोक्यावर हात मारून गाडीच्या खिडकीशी आले. वर्कशॉपचा खड्डा सरकारनं सपाट बांधून दिलेला, म्हणाले, उतार आम्ही कधी पाहिलाच नाही. मग इंजिनाचा आवाज एकदा चालत्या गाडीत ऐकायला हवा, मीही येतो, म्हणाले, आणि सवयीनं मागचं दार शोधू लागले.

शकुनबाईंनी चाळीस वर्षांत दारी आलेल्या माणसाला नाही म्हटलं नव्हतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "जागा नाई गाडीत."

खुशालरावांनी ब्रेक सोडला. अंगणाला उतार होताच. इंजिन चालू करायच्या आधीच गाडी आपली हळूहळू गेटाबाहेर निघाली.